न प्यालेल्या दारूची साक्ष

पहिल्यांदा साक्ष द्यायला उभा राहिलो तेव्हा मी माईकवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणालो, "हॅलो. चेक. माईक चेक. वन, टू, थ्री."

समोरची दोनशे माणसं एका सुरात म्हणाली, "आमेन."

सवयीचा गुलाम माणूस. पंचवीस वर्षं मी गावोगाव माईक लावतो. माईक तोंडासमोर आला की माझ्या तोंडातनं तेवढंच निघतं. पुढचं बोलणं दुसऱ्यांचं. पुढाऱ्यांचं, कीर्तनकारांचं, लग्नात आहेराची नावं पुकारणाऱ्याचं. थ्री म्हणून झालं की मी माईक त्यांच्या हातात देतो आणि मशीनपाशी जाऊन बसतो. त्या दिवशी धाराशिवच्या मंगल कार्यालयात आयुष्यात पहिल्यांदा माईक माझ्यासाठी लावलेला होता. आणि मी तो तपासून दाखवला.

कार्यालय हसलं. मीही हसलो. पास्टरही हसले. मग त्यांनी माझ्या हातातनं माईक काढून घेतला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हसू ओसरल्यावर म्हणाले,

"आज हा आपला भाऊ हसतोय. पाच वर्षांपूर्वी हा हसत नव्हता. हा गटारीत पडलेला असायचा. दारू पिऊन. घरी जाऊन बायकोला मारायचा. प्रभूनं याला गटारीतून उचललं."

टाळ्या.

मी दारू कधी प्यालेलो नाही. खोकल्याचं औषध घेतलं तरी मला गरगरतं. गटारीत एकदाच पडलो होतो, सायकलवरनं, आणि तेव्हा मी सातवीत होतो. हे सगळं माझ्या डोक्यात आलं. तोंडात आलं नाही.

"ताई कुठं आहेत? ताई, उभ्या राहा."

बायको बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत होती. तिला वाटलं प्रार्थनेला बोलावलं. पदर सावरत उभी राहिली. दोनशे माणसं वळली आणि तिच्या तोंडाकडं बघू लागली. कुठं वळ दिसतो का, डोळा काळा आहे का, असं बघतात तसं. शेजारच्या म्हातारीनं तिचा हात धरून कुरवाळला. पुढं एकजण मोबाईलवर शूटिंग घेत होता. त्यानं मोबाईल तिच्याकडं वळवला.

पास्टरनं माईक माझ्या तोंडाजवळ धरला. "सांग भाऊ. आता मारतोस का?"

आता याला उत्तर काय द्यायचं. न्हाय म्हणलं तर आधी मारत होतो असं ठरतं. व्हय म्हणायची तर सोयच नाही. माझ्याहून दहा वर्षांनी लहान माणूस मला अरेतुरे करत विचारत होता, दोनशे माणसं वाट बघत होती, आणि बायको अजून उभीच होती.

मी म्हणालो, "आमेन."

माईकवर चेक म्हणणं ही चूक. त्याला लोक हसले आणि विसरले. हे आमेन दुसरं, ती चूक नव्हती. त्याला दुसरा शब्द आहे.

आमचं गाव बेंबळीकडचं. आमच्या वस्तीला पंचायतीच्या कागदावर चांगलं नाव आहे, तोंडावर मांगवाडा. बाप हलगी वाजवायचा. मी दहावी नापास झालो आणि एका मंडपवाल्याच्या हाताखाली लागलो. पुढं स्वतःचं मशीन घेतलं, दोन भोंगे, चार माईक. म्हणजे आवाज काढायचं काम बापानंतर मी चालवलं. आवाज आमच्या घरचा, बोलणं दुसऱ्याचं.

लोक वाईट वागत नाहीत. आता कुणी लांब सरक म्हणत नाही. आता पेपरकप आलेत. लग्नघरात पाहुण्यांना कपबशी, मशीनवाल्याला पेपरकप. पिऊन झाला की चुरगाळून टाकायचा, कुणाला काही बोलावं लागत नाही. काम सांगायला आले तर वस्तीच्या तोंडाशी गाडी उभी करून हॉर्न वाजवतात. मी बाहेर येतो. माझ्या घराचा उंबरा गावातल्या निम्म्या लोकांनी बघितलेला नाही. मीही कधी मनावर घेतलं नव्हतं. मला वाटायचं, घर आहे, बघायला काय किल्ला आहे का.

मग एका सभेला खांबावर भोंगा बांधताना मी खाली आलो. भोंगा वरच राहिला. काम पक्कं होतं माझं. मांडीचं हाड मोडलं आणि मी चार महिने खाटेवर पडलो.

तेव्हा नर्सआक्का यायला लागली. मिशनच्या दवाखान्यातनं रिटायर झालेली बाई, बेंबळीला एकटी राहायची. कुणी बोलावलं नव्हतं. कुणाकडनं तरी ऐकलं आणि वडापच्या, शिटा भरून चालणाऱ्या जीपमधनं आली. जखम धुतली, पट्टी बदलली, हात धुतले. मग जमिनीवर बसली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "बाई, भूक लागली. काय केलंय?"

बायको घाबरली. दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "आक्का, आमच्यातलं चालंल का तुमास्नी?"

आक्का म्हणाली, "आमच्यातलं म्हंजे काय असतंय ते मला ठाव न्हाय. भाकर असंल तर दे."

ज्वारीची भाकर होती, लाल चटणी होती, तेल संपलेलं. आक्का खाली बसून जेवली. उठून आमच्याच माठात आमचाच तांब्या बुडवला आणि पाणी प्यायली. मग बायकोला म्हणाली, "अर्धी अजून दे."

ती अर्धी भाकर मी विसरू शकत नाही. पहिली भाकर माणूस दुसऱ्याचं मन राखायला खातो. वरची अर्धी भुकेनं खातो. खाटेवर आडवा पडून मी त्या बाईचं जेवण बघत होतो आणि माझ्या डोळ्यांतनं पाणी कानात चाललं होतं. आडवं पडलं की असंच होतं, पुसताही येत नाही.

तीन महिने आक्का येत राहिली. प्रभूचं नाव तिनं काढलं नाही. शेवटी मीच विचारलं, "आक्का, तुम्ही हे कशापायी करता?" तेव्हा तिनं सांगितलं. थोडक्यात, पट्टी गुंडाळता गुंडाळता. मी विश्वास धरला तो तिथं. खरं म्हणजे त्याच्या आधीच धरला होता, नाव नंतर कळलं.

दोन वर्षांनी आक्का सोलापूरला भाचीकडं गेली आणि तिकडंच वारली. बेंबळीत तिच्याभोवती जमलेली आमची पंधरावीस घरांची ख्रिस्ती मंडळी पोरकी झाली. मग शहरातनं पास्टर आले.

तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. आजोबा मिशनच्या शाळेत हेडमास्तर. बोलणं असं की ऐकत राहावं. पहिल्या रविवारी ते म्हणाले, "सुवार्ता सांगणं हे फक्त पाळकाचं काम नाही. प्रत्येक विश्वासणाऱ्याला ते बोलावणं आहे. शिकलेल्याला आणि न शिकलेल्याला. ज्यानं चाखलं त्यानं सांगायचं."

मशीनवर बसून मी हजार भाषणं ऐकली असतील. खरं तर ऐकत नाही. आवाज फाटतोय का, घुमतोय का, एवढ्यावर कान असतो. ते भाषण मी ऐकलं. इतकं ऐकलं की माईकनं शिट्टी मारली तरी माझा हात खटक्याकडं गेला नाही. ज्यानं चाखलं त्यानं सांगायचं. मला वाटलं, म्हणजे मी. पंचवीस वर्षं दुसऱ्यांसाठी माईक लावला, आता प्रभू म्हणतोय, तू बोल.

हसू नका. मला खरंच तसं वाटलं. घरी येऊन मी बैलाच्या गोठ्यात उभा राहून सराव केला. बैल विकून सहा वर्षं झाली होती, म्हणून जागा मोकळी होती.

पास्टरनी साक्षीचं शिबिर घेतलं. प्रत्येकाला एक कागद. कागदावर तीन चौकोन. आधी, भेट, नंतर. आधी तुम्ही काय होता, प्रभू कसा भेटला, नंतर काय झालं. मी पहिल्या चौकोनात लिहिलं, माझ्या घरी बाहेरचं कुणी जेवत नव्हतं. दुसऱ्यात लिहिलं, आक्का जेवली. तिसऱ्यात लिहिलं, आता मला कुणाच्या दारात उभं राहायची लाज वाटत नाही. माझं अक्षर वाईट आहे, पण त्या दिवशी नीट काढलं होतं.

पास्टरनी वाचलं. "हे काय? भाकरी?"

"व्हय साहेब. तिथनंच सुरू झालं."

"भाऊ, ही साक्ष नाही. ही जेवणाची गोष्ट झाली. आणि हे जातीचं काढून टाक. मंडळीत जात नसते. बाहेरचे पाहुणे ऐकतात, त्यांना काय वाटेल? आधीचं आयुष्य लिही. दारू?"

"न्हाय घेत."

"कधीच नाही?"

"न्हाय."

"जुगार? मटका?"

"न्हाय."

त्यांचा चेहरा पडला. मलाच ओशाळल्यासारखं झालं. एवढा मोठा माणूस शहरातनं आलाय आणि माझ्याजवळ धड एक पाप नाही. मी म्हणालो, "ल्हानपणी देवळातला नारळ चोरला हुता एकदा. ते चालंल का?"

"असं कसं," ते म्हणाले. "तुमच्यात तर असतंच."

तुमच्यात. मी तो शब्द ऐकला. ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गावात हा शब्द मी जन्मापासून ऐकतो. तुमच्यात असंच असतं, तुमच्यात कुठं काय, तुमच्यातलाच एखादा बघ. तो शब्द वेशीबाहेर सोडून आपण इथं आलो अशी माझी समजूत होती. मी मनाला समजावलं की तुमच्यात म्हणजे माईकवाल्यांच्यात. माईकवाले पितात, हे खोटं नाही.

पास्टरनी माझ्या कागदावर पेन्सिलीनं काहीतरी लिहून घेतलं. मी विचारलं नाही काय लिहिलं. पुढच्या महिन्यात धाराशिवच्या कार्यालयात ते मला ऐकायला मिळालं, तुम्हाला सांगितलंच.

त्या दिवशी बसमधनं येताना बायको खिडकीकडं तोंड करून बसली. घरी आल्यावर तीन दिवस बोलली नाही. भाकर समोर ठेवायची आणि जायची. चौथ्या दिवशी व्हिडिओ आला.

आधी मंडळीच्या ग्रुपवर. मग वस्तीत. मग गावात. आमच्या गल्लीत सुदाम म्हणून आहे, तो मात्र खरा पिणारा, रोजचा. तो सकाळीच दारात आला. त्याला राग आला होता.

"दादा, पंधरा वरसं म्या पितो," तो म्हणाला. "एक दिवस खाडा न्हाय. अन् मोबाईलवर तू?"

"सुदाम, म्या न्हाय पीत. तुला ठाव हाय."

"मला ठाव हाय. पर त्यांनी तर सांगितलं. आता म्या काय सांगू लोकांला?"

बेंबळीच्या एका गिऱ्हाईकाचा फोन आला, बारशाला माईक पाहिजे होता. सगळं ठरल्यावर म्हणाला, "त्या दिवशी तेवढी घेऊ नको, काय. बाया असत्यात." मी बरं म्हणालो. बरं म्हणालो म्हणजे कबूल केलं. आपलीच जीभ, पण कुणाचीही नोकरी करते.

आणि मग तेरखेड्याहून मेव्हणा आला. बायकोचा थोरला भाऊ, फटाक्याच्या कारखान्यात कामाला. मोटारसायकलवरनं एवढ्या लांब आला आणि घरात न येता ओट्यावर बसला. बहिणीनं पाणी आणलं. त्यानं तांब्या हातात धरला, प्यायला नाही.

"मारतो का ह्यो?"

"न्हाय दादा."

"मग उभी का राहिलीस?"

मी दारात उभा होतो. ज्या घरात आक्कानं आपल्या हातानं पाणी घेतलं, त्या घरचं पाणी सख्खा मेव्हणा तसंच ठेवून गेला. जाताना माझ्याकडं बघून म्हणाला, "दाजी, तुमी चांगले म्हणून आमी बिनघोर हुतो."

मी धाराशिवला पास्टरच्या घरी गेलो. मनात होतं, त्यांना कळलं नसेल. कागद मिसळले असतील, दुसऱ्या कुणाची साक्ष माझ्यावर चिकटली असेल. माणूस आपल्या माणसाला असं सोडवत राहतो. मी खरंच वाटेत त्यांच्यासाठी कारणं शोधत होतो.

ते घरीच होते. आत सोफ्यावर दोन पाहुणे. मला व्हरांड्यात खुर्ची दिली. जाळीच्या दारातनं आतलं दिसत होतं. चहा आला. आत ट्रेमधनं गेला, फुलं काढलेल्या कपबशा. मग एक कप बाहेर आला, माझ्यासाठी. पेपरचा.

मी तो हातात घेऊन बसलो. गरम होता. पेपरकप बोटांना भाजतो, ते मला पाठ आहे, तो वरच्या कडेला धरायचा असतो. वरच्या कडेला धरून मी पंचवीस वर्षांची सगळी लग्नं आठवली. तिथं मला वाईट वाटलं नव्हतं. तिथं कुणी मला भाऊ म्हणलं नव्हतं.

आणि मग मागचं सगळंच दिसायला लागलं. पास्टर आमच्या वस्तीत पाच वेळा आले. पाचही वेळा स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. डॉक्टरनं सांगितलंय म्हणायचे. प्रार्थना उंबऱ्यापाशी, खुर्चीवर. जेवण सरपंचाच्या घरी. बायको दर वेळी भाकरी करून झाकून ठेवायची आणि दर वेळी आम्ही त्या रात्री शिळ्याच खायचो.

पाहुणे गेल्यावर पास्टर बाहेर आले. मी म्हणालो, "साहेब, तो व्हिडिओ काढून टाका. ते खोटं हाय."

"खोटं कसं? एखाद्यानं सोडली असेलच ना तुमच्या वस्तीत. तू त्या सगळ्यांच्या वतीनं उभा होतास असं समज."

"माझी बायको कुणाच्या वतीनं उभी हुती?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, किती लोकांपर्यंत ते पोचलंय बघ. आपलं नाव लहान होऊ दे, प्रभूचं मोठं होऊ दे. ऐकणाऱ्याला अंधार दाखवावा लागतो, तेव्हा त्याला उजेड कळतो. पुढच्या महिन्यात नळदुर्गला मोठी सभा आहे. तिथं तूच साक्ष द्यायची. या वेळी मी मध्ये बोलणार नाही. तुझ्या तोंडानं."

मी म्हणालो, "माझ्या तोंडानं म्हणता न्हवं?"

"तुझ्या तोंडानं."

"मग येतो."

पेपरकप मी चुरगाळला नाही. भरलेला तसाच त्यांच्या खुर्चीवर ठेवून आलो.

नळदुर्गची सभा दुपारची होती. हायवेच्या कडेला मोकळ्या रानात मंडप, मागनं ट्रक जात होते. साऊंड सोलापूरहून मागवला होता. माणसाच्या उंचीचे बॉक्स, बिनवायरचे माईक, एक पोरगेला ऑपरेटर, त्याच्यापुढं विमानात असतील एवढी बटणं. मी आधी जाऊन ते सगळं बघून आलो. पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू. आमच्या दोन भोंग्यांनी त्या बॉक्सचे पाय धरले असते.

बायकोला मी म्हणलं होतं, येऊ नको. ती म्हणाली, येणार. एवढंच. तिसऱ्या रांगेत नाही, पहिल्या रांगेत जाऊन बसली.

माझं नाव पुकारलं. माईक हातात आला. या वेळी टिचकी मारली नाही.

मी म्हणालो, "म्या दारू कधी प्यालो न्हाय. गटारीत पडलो न्हाय. माझ्या बायकोवर म्या कधी हात उचलला न्हाय. धाराशिवला सांगितलं ते खोटं हुतं. ते माझ्यादेखत सांगितलं, अन् म्या गप राहिलो."

हजार माणसं असतील. मंडपातला गलका थांबला. ट्रकचा आवाज तेवढा येत होता. आणि माझा स्वतःचा आवाज त्या मोठ्या बॉक्समधनं माझ्याकडं परत येत होता. पहिल्यांदा ऐकला मी तो. बरा आहे आवाज. थोडा नाकात आहे.

मी आक्काचं सांगितलं. हाड मोडल्याचं, पट्टीचं, भाकरीचं. ती जमिनीवर बसली ते. अर्धी अजून मागितली ते. मी म्हणालो, "मला प्रभू शिकवला न्हाय कुणी. तो माझ्या घरी जेवला. तवापासनं मी त्याचा हाय. आमच्या मांगवाड्यात तोवर बाहेरचं कुणी जेवलं नव्हतं. आपल्या मंडळीचे पास्टरसाहेब पाच बारी आले, अजून त्यांनी पाणी बी—"

माईक गेला.

आता हे मला तुम्हाला सांगितलं पाहिजे, कारण हे एवढंच मला माझ्या धंद्यातलं नक्की कळतं. माईक जातो त्याच्या तऱ्हा असतात. वायर तुटली तर खरखरतो. सेल संपला तर आवाज येतो जातो, येतो जातो, माणूस बुडताना वर येतो तसा. वीज गेली तर बॉक्स ढप्प करून बसतात. असा स्वच्छ, सुरीनं कापल्यासारखा माईक आपोआप जात नाही. तो घालवावा लागतो. त्याला कुणाचं तरी बोट लागतं.

मी ऑपरेटरकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. त्याच्या शेजारी पास्टरचा माणूस उभा होता. मला त्या ऑपरेटरचा राग आला नाही. कुणी सांगितलं की बटण मीही आयुष्यभर दाबत आलो.

मी तसाच बोललो. बिनमाईकचा. माझा आवाज तोंडानं पोचवायची सवयच मोडली होती, चार-पाच रांगांपलीकडं गेला नसेल. तरी मी वाक्य पुरं केलं. "...पाणी बी घेतलं न्हाय. मंडळीत जात नसती म्हणतात. मग आमच्या घरचं पाणी कुठं अडतं, एवढं मला कुणीतरी सांगावं."

कीबोर्ड सुरू झाला. गाणं लावलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले, मागच्यांना वाटलं साक्ष संपली. पास्टर हसतमुखानं माझ्याजवळ आले, माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि कानात म्हणाले, "तुमच्यात हेच वाईट. जरा वर घेतलं की डोक्यावर बसता."

मी वळलो. त्यांच्या तोंडाकडं बघून विचारलं, "साहेब, तुमच्यात म्हंजे कुणात?"

ते लोकांकडं बघून हसत राहिले.

"न्हाय, सांगा. मी ख्रिस्ती, तुमी ख्रिस्ती. मग तुमच्यात म्हंजे कुणात?"

त्यांनी पाठीवरचा हात काढून घेतला. एवढंच त्यांचं उत्तर. मी माईक फळीवर ठेवला. फेकून द्यायचा होता, पण पंचवीस वर्षांचा हात, त्याला माईक फेकता येत नाही. तोंड वर करून, घरंगळणार नाही असा, नीट ठेवला. खाली उतरलो. पहिल्या रांगेतनं बायको उठली आणि माझ्या पुढं चालायला लागली. मंडपाबाहेर ढाब्यापाशी आम्ही बसची वाट बघत उभे राहिलो. मागं गाणं चाललंच होतं.

दोन दिवसांनी मंडळीच्या ग्रुपमधनं मला काढलं. धाराशिवचा व्हिडिओ अजून फिरतोय. नळदुर्गचा कुणी टाकला नाही. वस्तीतली चार घरं आता आमच्या दारावरनं जाताना बघत नाहीत, त्यांना पास्टरनं समजावलंय की मी पाहुण्यांपुढं प्रभूच्या नावाला डाग लावला. सुदाम तेवढा येतो. तो म्हणतो, तुझं नाव साफ झालं ते बरं झालं, माझा हक्क मला परत मिळाला.

लोकांना वाटतं मी आता सोडणार. गावातले दोघंतिघं आपणहून घरी आले, म्हणजे वस्तीच्या तोंडाशी आले, हॉर्न वाजवला आणि म्हणाले, बघितलंस, तिकडं बी तेच, ये परत. मी म्हणालो, परत म्हंजे कुठं? पेपरकप तुमच्याकडं बी हाय.

प्रभू मी सोडणार नाही. तो मला पास्टरनं दिला नव्हता, त्यामुळं पास्टरला तो काढून घेता येत नाही. बोलावणं मला आहे. शिकलेल्याला आणि न शिकलेल्याला आहे, असं त्यांनीच सांगितलं, आणि सांगणारा खोटा निघाला म्हणून सांगितलेलं खोटं होत नाही. मी साक्ष देणार. माझ्या ओट्यावर देणार, बेंबळीच्या बाजारात देणार, जो विचारील त्याला देणार. पण तीन चौकोनांत देणार नाही. माझा अंधार कुणाला पेन्सिलीनं लिहू देणार नाही. माझा अंधार मांगवाड्यात नव्हता. मांगवाड्याकडं बघणाऱ्यांच्या डोळ्यांत होता, आणि त्यांच्यातले काही आता माईकवर उभे आहेत. हे सांगितल्याशिवाय माझी साक्ष पुरी होत नाही, आणि अर्धी साक्ष मी यापुढं देणार नाही.

हे सगळं मी एका संध्याकाळी घरी येऊन बायकोला बोलून दाखवलं. बरंच बोललो. इतकी वर्षं न बोललेलं होतं, त्यामुळं थांबता येईना. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. माझं संपेपर्यंत तिनं चार भाकरी केल्या. मग हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"झालं तुमचं?" ती म्हणाली. "आता ऐका. आक्काला भाकर म्या दिली. बाप्तिस्मा तुमच्या आधी म्या घेतला. लोकांपुढं उभं मला केलं. पर कागद मला कुणी दिला न्हाय, अन् तुमी बी कधी इचारलं न्हाय. येत्या ऐतवारी ओट्यावर म्या बोलणार. पास्टरबद्दल बोलणार, अन् तुमच्याबद्दल बी बोलणार. ऐकायची तयारी ठेवा."